स्वभावाला औषध

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण बहुतेक वेळा बोलणं संपवायला वापरतो. तापट सासऱ्यांबद्दल, उधळ्या धाकट्या भावाबद्दल सगळं बोलून झालं की कुणीतरी ती उच्चारतं आणि विषय मिटतो. तिच्यात हताशपणा आहे आणि थोडी क्षमाही आहे: तो तरी काय करणार, त्याचा पिंडच तसा. म्हणजे एका दमात ती दोन गोष्टी सांगते. स्वभाव ज्याचा त्याच्या हातात नाही, आणि वैद्याच्याही हातात नाही. यातली दुसरी गोष्ट आज खोटी ठरली आहे. मग पहिलीचं काय करायचं, हा प्रश्न मला सोडत नाही.

ती खोटी ठरवणारा सर्वांत ठळक पुरावा कंपवाताच्या उपचारांत सापडतो. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्सच्या आजारात, मध्यमेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हालचाल मंदावते, हात थरथरतात, अक्षर बारीक होत जातं. ही तूट भरून काढायला लेव्होडोपा देतात. (आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत ते असतं, आणि मद्रासच्या संशोधकांनी ते 1937 सालीच त्यातून वेगळं काढलं होतं.) किंवा प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा, डोपामिनची नक्कल करणाऱ्या गोळ्या देतात. गुण येतो, माणूस पुन्हा चालू लागतो. पण डोपामिनचं काम हातापायांपाशी संपत नाही. एखादी गोष्ट हवीशी वाटणं, लाभाची चाहूल लागणं, पुन्हा एकदा करून पाहावं ही ऊर्मी, हा सगळा कारभारही त्याच्याच आधाराने चालतो. म्हणून या गोळ्या घेणाऱ्या काहींना जुगाराचं वेड लागतं, काही खरेदी करत सुटतात, काहींची कामवासना अनावर होते. अमेरिका आणि कॅनडातल्या 3,090 रुग्णांची एक पाहणी 2010 साली प्रसिद्ध झाली. नक्कल करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्के जणांत अशी एखादी अनावर सवय आढळली, त्या न घेणाऱ्यांत सुमारे 7 टक्के. गोळीची मात्रा कमी केली किंवा ती थांबवली की पुष्कळांचा जुगार सुटतो. आयुष्यभर पै-पै जपणाऱ्या माणसाला एक गोळी जुगारी करते आणि ती काढून घेतली की तो पुन्हा काटकसरी होतो. मग स्वभाव म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो किंवा ज्याच्या नावाने बोटं मोडतो, तो नेमका कुठे असतो?

यावर कुणी म्हणेल, हा औषधाचा दुष्परिणाम आहे, याला स्वभाव कशाला म्हणायचं? आक्षेप रास्त आहे. पण त्याच पाहणीत असंही दिसलं, की हे वेड तरुण रुग्णांत, धूम्रपान करणाऱ्यांत आणि ज्यांच्या घराण्यात जुगाराचा इतिहास आहे अशांत अधिक होतं. तेव्हा गोळी एकटी काही करत नाही, आधीच्या माणसाला हाताशी धरून करते. किती तिचं आणि किती त्याचं, ही वाटणी मला करता येत नाही. समाज मात्र ती बेधडक करतो. फ्रान्समध्ये रेनच्या अपील न्यायालयाने 2012 साली अशाच एका रुग्णाला औषध कंपनीकडून भरपाई देववली, आणि ते योग्यच झालं. पण जो ही ओढ जन्मजात घेऊन आला, त्याच्या वाट्याला शिव्याच येतात. दोघांच्या डोक्यात उठणारी हाव मेंदूच्या त्याच भागांतून उठते. एकाच्या कारणाचं नाव पाकिटावर छापलेलं असतं, दुसऱ्याच्या कारणाला अजून नाव मिळालेलं नाही. नाव ठाऊक असणं हा क्षमेचा निकष कसा असू शकतो?

असं म्हणत गेलं तर कुणीच दोषी उरणार नाही, ही भीती मला समजते. पण रागावणं, लाज वाटणं, कुणीतरी आपल्यावर विश्वास टाकणं, यांचाही परिणाम मेंदूवरच होतो, म्हणून त्यांची गरज संपत नाही. इथे फिनिअस गेजची आठवण टाळता येत नाही. 13 सप्टेंबर 1848 रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना साडेतीन फुटांहून लांब लोखंडी कांब या मुकादमाच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो जगला. पण त्याचे डॉक्टर हार्लो यांनी पुढे लिहिलं, की तो इतका लहरी आणि उर्मट झाला की ओळखीच्यांना तो पूर्वीचा गेज वाटेना. पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात. खरा गेज मात्र पुढे चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. घोड्यांची निगा, प्रवाशांशी बोलणं, ठरल्या वेळी निघणं हे लहरी, उर्मट माणसाला जमणारं काम नव्हे. त्या रोजच्या शिस्तीने त्याला सावरलं, की शाबूत राहिलेल्या मेंदूने हळूहळू काम वाटून घेतलं? मला वाटतं, ही एकाच घटनेची दोन वर्णनं असावीत. पण मग शिस्त हेही औषधच झालं, आणि ज्याला ती मिळालीच नाही त्याला दोष कसा द्यायचा, हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. म्हणीचा पहिला अर्धा भाग खरा की खोटा, हे आता सुरुवातीपेक्षाही कमी ठामपणे सांगता येतं.

निदान एक गोष्ट मात्र आज करता येण्यासारखी आहे. कंपवाताचे रुग्ण आपला जुगार किंवा वासना लाजेपोटी लपवतात, आणि घरच्यांना वाटतं म्हातारपणी चळ लागला. तुमच्या घरात कुणी या गोळ्या घेत असेल आणि त्याचं वागणं बदललं असेल, तर त्याला बोल लावण्याआधी ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका.