काळ्या खडूखालचा पंखा

लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग चालवायला लागून मला २८ वर्षं झाली. सुरुवातीला चित्रं जपायची म्हणजे पत्र्याची ट्रंक आणि चार डांबराच्या गोळ्या, एवढीच माझी अक्कल होती. २६ जुलै २००५ ला कल्याणच्या आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं आणि ट्रंक दोन दिवस पाण्यात राहिली. उघडली तेव्हा जलरंग आणि स्केचपेन एकमेकांत उतरून जांभळट लगदा झाला होता. तेलखडूची चित्रं मात्र बऱ्यापैकी शाबूत निघाली, कारण मेण पाणी धरत नाही. तेव्हापासून मी चित्रांचे फोटो काढून ठेवते. आधी साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर काढायचे, आता फोनवर.

हल्ली पालक विचारतात, "ताई, चित्रं ठेवायला चांगलं अ‍ॅप सांगा ना." प्रश्न रास्त आहे. वन बीएचके घर, पोर दिवसाला चार कागद संपवणार आणि फेकायचा कुणाला धीर होत नाही. अशी अ‍ॅप मी तीन-चार वापरली. मुलाच्या नावाचा अल्बम, वयाप्रमाणे मांडणी, गावच्या आजीला लगेच दाखवायची सोय, सगळं छान. त्यातलं एक माझं फार लाडकं होतं. एके दिवशी मेल आली की आम्ही बंद करतोय, महिन्याभरात तुमचं सामान उतरवून घ्या. उतरवलं. चित्रं आली, पण प्रत्येक चित्राखाली मी टिपलेल्या ओळी आल्या नाहीत. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात कागद स्कॅन करायचं कॅमस्कॅनर होतं, आणि माझ्या वर्गातल्या बऱ्याच पालकांचा भार त्याच्यावरच होता. तेव्हा त्यांचीही अशीच धांदल उडाली. अ‍ॅप हे भाड्याचं घर, असं धरूनच चालावं. मी आता फाइलच्या नावातच सगळं घालते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे मुलाचं नाव आणि वय. अशी नावं कुठल्याही फोनवर, कुठल्याही कॉम्प्युटरवर आपोआप ओळीने लागतात.

फोटोचं म्हणाल, तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, कागद भिंतीला टेकवून काढा. तेलखडूवर फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग उमटतो. स्कॅनची अ‍ॅप बिलं आणि मार्कशीट डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असतात. कागद पांढराशुभ्र करण्याच्या नादात ती पिवळा खडू आणि फिकी पेन्सिल खाऊन टाकतात. तीन वर्षांच्या मुलाचा सूर्य असा किती वेळा मावळलेला मी पाहिलाय! तेव्हा ते रंग 'सुधारणारं' बटण बंद ठेवा. कागदाशेजारी फूटपट्टी ठेवायला विसरू नका, नाहीतर फोनच्या पडद्यावर बसच्या तिकिटामागचं चित्र आणि अख्ख्या कार्डशीटवरचं चित्र एकाच मापाची दिसतात. पाठची बाजूही टिपा. कागद लाइट बिलाचा आहे की लग्नपत्रिकेचा, यावरून घर कळतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो मूळ समजू नका. तो दाबून लहान केलेला असतो, त्यातली काढल्याची तारीखही गळून जाते. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

पण मला खरं सांगायचंय ते एका काळ्या कागदाबद्दल.

पावसाळ्याचे दिवस होते. वर्गातल्या पाच वर्षांच्या एका मुलाने आधी खोली काढली. आई, बाबा, टीव्ही, वर तीन पात्यांचा पंखा. सगळं अगदी मन लावून रंगवलं. मग काळा तेलखडू घेतला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण कागद घोटून काढला. खडू मोडला, तर तुकड्याने घोटला. मला वाटलं, रागावलाय. विचारलं, तर माझ्या अज्ञानाची कीव करत म्हणाला, "अहो ताई, लाईट गेली."

मी फोटो काढला. काही दिवसांनी फोनने तो 'नको असलेल्या' फोटोंच्या रांगेत टाकला आणि पुसू का म्हणून विचारलं. त्याचं काय चुकलं? त्याच्यापुढे होता नुसता काळा चौकोन. कागद उन्हात तिरका धरला तर काळ्याखाली पंख्याच्या पात्यांचे उंचवटे अजून दिसतात, पण तेही त्यालाच दिसतात ज्याला खाली पंखा आहे हे माहीत आहे. ते मला माहीत होतं, कारण त्या वेळी मी त्याच्या बाजूला सतरंजीवर बसले होते.

म्हणून मी पालकांना सांगते, चित्र झालं की "काय काढलंस?" असं विचारून परीक्षा घेऊ नका. "सांग ना मला," म्हणा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. अर्ध्या मिनिटाचा आवाज आणि चित्राचा फोटो एकाच नावाने ठेवा. कारण आठवडाभराने विचारलंत तर पोर दुसरीच गोष्ट सांगेल, तीही तितक्याच खात्रीने.

आणखी एक तक्रार. पालक निवडक चित्रं ठेवतात: बक्षिसाचं, डोंगरामागून सूर्य उगवतोय ते, शिक्षकांनी हात फिरवलेलं. रेघोट्या जातात रद्दीत. अमेरिकेतल्या ऱ्होडा केलॉग या बालवाडीच्या बाईंनी मुलांची लाखो चित्रं गोळा केली आणि त्यांत रेघोट्यांना मानाचं स्थान दिलं. १९६९ च्या पुस्तकात त्यांनी रेघोट्यांचे २० मूळ प्रकार मांडले. त्याच गुंत्यातून पुढे गोल येतो, गोलाला किरण फुटतात, मग त्याच गोलाला डोळे आणि खाली दोन पाय येतात. हा प्रवास एका मुलाच्या बाबतीत साधारण वर्ष-दोन वर्षांत घडतो आणि नेमके तेच कागद आपण फेकतो.

नाव घालायला तर चुकूच नका. तेरेझिनच्या नाझी छळछावणीत फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार मुलांना चोरून चित्रकला शिकवायची आणि कागदावर नाव लिहायला लावायची. १९४४ मध्ये तिला आउश्वित्झला नेलं, तिथेच ती मारली गेली. मागे दोन सुटकेसमध्ये सुमारे साडेचार हजार चित्रं उरली. त्या मुलांपैकी बहुतेक वाचली नाहीत. कागदावर नावं होती म्हणून कुठलं चित्र कुणाचं, हे आज सांगता येतं.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं चित्रांचं बोचकं खाली काढलं असेल आणि रद्दीवाला अजून यायचा असेल, तर त्याला एक रविवार थांबवा. बोचकं सतरंजीवर सोडा, मुलाला शेजारी बसवा आणि फोन हातात घ्या. काळे कागद निघाले तर आधी उन्हात तिरके धरून बघा.