समुद्राचे चित्र

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गेल्या दिवाळीत मला जलरंगातले एक चित्र आणून दिले. वर्गात त्याला संधी आणि समास कधी उमगले नाहीत. कागद कुठे कोरा सोडावा हे मात्र नेमके उमगले आहे. चित्र आहे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्याचे. नाना फडणविसांचे हे गाव. चित्रात माणूस नाही, होडी नाही. चार सुरूची झाडे, करडे पाणी, आणि वाळू म्हणजे जवळजवळ नुसता कागदच.

तुम्ही म्हणाल, संभाजीनगरकराला समुद्राचे काय? खरे आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही किनारा नाही. पण समुद्र रंगवण्याची हौस आमच्याकडे जुनी आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पाचव्या शतकातल्या कुणा चित्रकाराने शिडांचे जहाज रंगवून ठेवले आहे. त्याने समुद्र पाहिला होता की नाही, कोण जाणे! निदान "यंदा नक्की नेतो" म्हणून त्याने आपल्या आईला वीस वर्षे झुलवले तरी नसेल.

मी झुलवले. कधी उत्तरपत्रिका, कधी मुलीची परीक्षा, आणि शेवटी आईचे गुडघे. पैठणचा नाथसागर हाच तिचा समुद्र.

चित्र तिच्या खाटेसमोर लावले. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या घरात हयात घालवलेली ती बाई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "एवढं पाणी, अन् काठावर एक घागर नाही!"

मग तिने वाळूवरच्या एका पुसट तपकिरी रेघेवर बोट ठेवले. मला तो कुंचल्याचा ओघळ वाटला होता. पण विद्यार्थ्याने सांगितले होते ते आठवले. ती कासविणीची वाट. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वर येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परतते. २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांसह ती अंडी कुंपणात राखायला सुरुवात केली. पन्नासेक दिवसांनी पिल्ले निघाली की पाण्याकडे सोडतात.

"अन् आई?"

"ती पिल्लांकडे पुन्हा फिरकत नाही."

आई रेघेकडे पाहत राहिली. "बरं आहे बाई तिचं," ती म्हणाली. "कुणाची वाट बघायला नको."

तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तेव्हाही माझ्या मांडीवर होता.