डाव्या कोपऱ्याची कैफियत

॥ श्री ॥

राहनाळ, तालुका भिवंडी
कार्तिक वद्य एकादशी

चि. भाचेबुवांस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र परवा पावले. तिकडे मिशिगनात पहिला बर्फ पडल्याचे वर्तमान तू दोन ओळींत उरकलेस आणि पुढची चार पाने फुटबॉलच्या एका सामन्याच्या भाकितास वाहिलीस, याचे तुझ्या आईस जे वाईट वाटले ते मला वाटले नाही. कारण ज्याच्या अंगात एखाद्या संघाचे वेड भिनले आहे त्याच्याकडून हवापाण्याची खबर मागणे म्हणजे मांडवात मंगलाष्टके चालू असता वधूपित्याला भाताचा भाव विचारण्यासारखेच आहे. लांबट चेंडू हातांत धरून पळण्याच्या खेळास फुटबॉल हे नाव कोणत्या न्यायाने पडले ते मला उमगले नाही. परंतु विद्यापीठांचे जे गट त्यांना तुम्ही कॉन्फरन्स म्हणता, तुमच्या गटाचे अजिंक्यपद डिसेंबराच्या पहिल्या शनिवारी इंडियानापोलिस येथील छपराखालच्या मैदानात ठरते, आणि खुद्द तुमच्या विद्यापीठाच्या ॲन आर्बर येथील मैदानात एका वेळी लाखावर माणसे बसतात, हा तपशील मात्र मी मुद्दाम दोनदा वाचला. कॉलेजातील पोरांचा खेळ पाहावयास लाख माणूस! आमच्याकडे अशा सामन्यास दोनशे जमले तरी शिपाई फाटक लावून घेतो.

असो. तुझे भाकीत ऐकून घेतले, आता माझे ऐक. येत्या शनिवारी दुपारी चार वाजता, म्हणजे तुझ्याकडे पहाटेच्या साडेपाचास, आपल्या कॉलेजाचा कबड्डीसंघ ठाण्याकडील विभागाच्या अंतिम सामन्यास उतरत आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे. त्याची हद्द मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी करीत थेट सिंधुदुर्गापर्यंत गेलेली, म्हणजे जुन्या एखाद्या सुभ्याएवढी. एवढ्या मुलखातली सारी कॉलेजे एका मैदानावर आणणे दुरापास्त, म्हणून विभाग पाडलेले. विभागात जो टिकेल तो आंतरविभागीय फेरीत. तेथे जी पोरे नजरेत भरतील ती विद्यापीठाच्या संघात. तो संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत, आणि तेथे तरला तर अखिल भारतीय. सारांश, तुमची कॉन्फरन्स तोच आमचा विभाग. फरक इतकाच की तुमच्याकडे त्या पायरीचे दूरचित्रवाणीवर महिनाभर कवित्व चालते आणि आमच्याकडे तिची बातमी नोटिस फलकावर एका टाचणीने लटकते.

हा खेळ माझ्या वडिलांच्या तोंडी हुतूतूच राहिला. कबड्डी हा शब्द त्यांना कचेरीतून आल्यासारखा वाटे. भाताची कापणी उरकली, मळणीचे खळे मोकळे झाले की त्याच सारवलेल्या भुईवर चुन्याची रेघ पडे आणि सांजवेळी गाव दोहोंकडे वाटला जाई. त्या काळी संजीवनी, गामिनी आणि अमर असे खेळाचे तीन प्रकार होते: संजीवनीत मेलेला गडी आपल्या पक्षाने प्रतिपक्षाचा गडी मारला की उठे, गामिनीत मेलेला तो सगळा पक्ष गारद होईपर्यंत बाहेरच बसे, आणि अमरात कोणी मरतच नसे, केवळ गुणांची नोंद होई. आजची कबड्डी संजीवनीच्याच कुळातली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ तिकडे करून दाखविला, १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत त्याला पदकाचा मान मिळाला आणि ते पहिले सुवर्णपदक भारतानेच आणले. ही हकीकत वडील गणेशोत्सवात आल्यागेल्यास सांगत, जणू बर्लिनला आणि बीजिंगला आमच्या खळ्यावरूनच पथके रवाना झाली होती. त्या खळ्याच्या जागी आता पत्र्याचे गोदाम उभे आहे. सातबाऱ्यावरचे भात गेले, भुई काँक्रीटखाली गेली, आणि आमची पोरे बूट घालून रबरी मॅटवर खेळू लागली. मॅटवर ढोपरे फुटत नाहीत ही सोय मोठी. परंतु मातीत गड्याच्या पावलाचा जो आवाज कोपऱ्याला, म्हणजे साखळीच्या टोकाच्या गड्याला, ऐकू येई तो गेला.

आता मुद्द्याकडे येतो. प्रतिपक्ष खाडीपलीकडचा. त्यांचा एक चढाईपटू आहे, उंच, सडपातळ, सारसासारख्या लांब पायांचा. उपांत्य सामना मी मुद्दाम जाऊन पाहिला. हा पोर आपल्या उजव्या अंगाने चढतो, म्हणजे समोरच्यांच्या डाव्या कोपऱ्यावर. निदान रेषा सहज ओलांडतो, मागचा पाय अधांतरी ठेवून बोनस रेषेपलीकडे पुढचा पाय टेकवितो, आणि सारी नजर त्या पायावर खिळली असता परत वळता वळता हात मागे फेकून मध्यरक्षकाला शिवतो. एका दमात दोन गुण. प्रेक्षक त्याच्या नावाने शिट्ट्या मारतात, वर्तमानपत्रात छापून आले तर त्याचेच येईल, आणि भिवंडीतल्या कोणत्याही पानपट्टीवर विचार, उत्तर एकच मिळेल की सामना तोच जिंकणार.

या मतास माझा विरोध आहे, आणि तो नोंदवून ठेवावा एवढ्याचसाठी हे पत्र. आमच्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून मी अठरा वर्षे काढली, आणि एवढे शिकलो की सही साहेबाची असते, पण प्रकरण तग धरते ते तळाच्या नोंदीवर. कबड्डीतही चढाईपटू सही करतो. नोंद कोपरा ठेवतो. तीस सेकंदांची चढाई सगळ्यांना दिसते, पण ती चढाई रिकामी परत जावी म्हणून जो गडी ती सारी तीस सेकंदे वाकून, बोटे पसरून, काहीही न करता उभा राहतो, त्याचे ते काहीही न करणे कोणाच्याच हिशेबात धरले जात नाही. दोन चढाया अशा रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवणे किंवा बाद होणे याखेरीज गत्यंतर नसते. त्या तिसऱ्या चढाईत प्रतिपक्षाचा नायक घाबरा होतो. आणि त्याला घाबरा करणारा तो, ज्याने आधीच्या दोन चढायांत मोह आवरला.

आपला डावा कोपरा आपल्याच गावचा आहे. सकाळी कॉलेज, दुपारी सराव, आणि सांज ते मध्यरात्र एका गोदामात हमाली. परवा अंजूरफाट्याकडून घरी येताना त्याचे काम चाललेले पाहिले आणि रस्त्याच्या कडेला थांबून राहिलो. मालमोटारीच्या फळीवरून वरचा गडी खोकी पुढे सरकवीत होता, आणि खाली हा. बाकीची पोरे खोके दिसले की हात घालीत, ओढीत, कण्हत. हा थांबे. खोके फळीच्या कडेवर येई, कलंडे, त्याचे सारे वजन एका कोपऱ्यावर येई, आणि त्याच क्षणी याचे दोन्ही तळवे त्याच्या बुडाखाली असत. जोर म्हणून लागतच नसे. पाऊण तासात त्याने एकही खोके आधी धरले नाही. घोट्याची पकड ती हीच रे! ज्या पायावर वजन आले तो पाय उचलता येत नाही, म्हणून तोच धरावयाचा. अधांतरी पायाला हात घातला की तो पाय तुम्हालाच घेऊन मध्यरेषेपार जातो. ही विद्या त्याला कोणी शिकविली नाही. मी जवळ जाऊन शनिवारची गोष्ट काढली तेव्हा त्याने आमच्याकडच्या रीतीप्रमाणे एकेरीतच सांगितले, “काका, तू फक्त वरडू नको.”

तो असे का म्हणाला ते तुला माहीत नाही, कारण ही गोष्ट मी तुझ्या आईलासुद्धा कधी सांगितली नाही. गावात मात्र जुन्या माणसांना ठाऊक आहे. माझ्या विद्यार्थिदशेत मीही डावा कोपराच खेळे. आमचा असाच विभागाचा अंतिम सामना, एका गुणाने आम्ही पुढे, शेवटची चढाई. साखळीतला माझा जोडीदार मध्यरक्षक हलक्या आवाजात “थांब, थांब” म्हणत होता, पण काठावरून कोणी तरी “धर!” म्हणून आरोळी ठोकली आणि मी त्याचा हात सोडून झेपावलो. पाय अधांतरी होता. त्या गड्याने मला फरपटत मध्यरेषेवर नेले, बोट टेकविले, आणि मला सोडवावयास धावलेले दोघेही त्याला शिवून बसले. तीन गुण गेले. आरोळी कोणाची ते मी पुढे कधी शोधले नाही. ऐकली मी होती, अपराध माझाच.

तेव्हा शनिवारचे माझे भाकीत असे. आरंभी आपली सातही माणसे मैदानात असताना तो लंबूटांग्या बोनसावर बोनस घेईल, आणि मध्यंतरास आपण चारपाच गुणांनी मागे असू. तू घाबरू नकोस. आपल्या बाजूस पाच जण उरले की बोनसाचा मार्ग बंद होतो आणि त्याला स्पर्शासाठी खरोखर आत यावे लागते. उत्तरार्धात आपण केव्हा तरी तिघांवर येऊ. गाव त्या वेळी उठून चालू लागेल, आता सारा पक्ष बाद होऊन लोण बसणार म्हणून. सामना तेथे फिरेल. तिघे किंवा त्याहून कमी असताना केलेली अव्वल पकड जादा गुण देते, आणि तिघांत आपला डावा कोपरा असला तर मी त्या पकडीस जामीन राहावयास तयार आहे. शेवट एकोणतीस विरुद्ध सत्तावीस, आपल्या बाजूने. अव्वल कारकुनाने अव्वल पकडीची हमी द्यावी यात वशिला आहे असे तू म्हणशील, म्हण बापडा.

तुझ्या इंडियानापोलिसच्या सामन्यातही एक काम कर. ज्याच्या हाती चेंडू त्याच्याकडे लाखभर डोळे असतीलच; तू थोडा वेळ त्या पोराकडे पाहा ज्याच्याकडे चेंडू कधीच येत नाही, जो केवळ आडवा उभा राहतो. त्याच्याविषयी मला लिही. तुझ्या खेळातले मला तेवढे समजेल.

आईची प्रकृती ठीक. थंडीस टोपी वापरावी. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
मामा

ता. क. शनिवारी मी डाव्या कोपऱ्याच्या अंगासच बसणार आहे. तोंडात सुपारी धरून ठेवीन.