बॉडमिनच्या माळावरचं काळं जनावर

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, समुद्रात शिरलेल्या चिंचोळ्या भूभागावर कॉर्नवॉल हा परगणा आहे. त्याच्या ईशान्य भागात बॉडमिनचा माळ. नांगर लागेल अशी माती थोडी. खडकाळ टेकड्या, दलदल, खुरटं गवत आणि त्यावर चरणारी मेंढरं, गुरं, तट्टं. सर्वांत उंच टेकडी ब्राउन विली, तीही अवघी ४२० मीटर. आपलं जुन्नर गावसुद्धा समुद्रसपाटीपासून याहून उंच आहे! पण समुद्राकडून धुकं आलं, की दगड कुठला आणि मेंढरू कुठलं हे कळेनासं होतं.

या माळावर बिबट्याएवढं काळं जनावर फिरतं, अशी बोलवा कित्येक वर्षांची. इंग्लंडात रानचा बिबट्या नाही. मग हा आला कुठून? लोक १९७६ च्या कायद्याकडे बोट दाखवतात. हौसेनं बिबटे, प्यूमा पाळणाऱ्यांना त्या साली परवाना सक्तीचा झाला, आणि काहींनी आपली जनावरं गुपचूप माळावर सोडली, असं म्हणतात.

मेंढरं मरू लागली तशी शेतकऱ्यांची ओरड वाढली. अखेर १९९५ साली सरकारच्या शेती खात्यानं माणसं धाडली. त्यांची एक गोष्ट मला फार आवडली. चित्रफितीत जनावर दिसलं होतं त्याच जागी जाऊन त्यांनी मोजपट्टी धरली. खांद्यापाशी उंची भरली फूटभर! म्हणजे घरचंच मांजर. मेलेली मेंढरंही तपासली. बिबट्याचंच काम म्हणावं असं काही मिळालं नाही. मात्र असं जनावर नाहीच, हेही सिद्ध करता येत नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

अहवाल आला न आला तोच फॉवी नदीत एका पोराला कवटी सापडली. लंडनच्या संग्रहालयानं पाहिली तर खरोखर बिबट्याची! पण मागची बाजू सफाईनं कापलेली, आणि आत उष्ण देशातल्या झुरळाची अंडकोशी. कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या कातड्याबरोबर ती परदेशातून आली होती.

तरी शेतकऱ्याला खुळ्यात काढू नये. १९८० साली स्कॉटलंडात कॅनिच गावाजवळ एका शेतकऱ्यानं पिंजरा लावला, तर त्यात जिवंत प्यूमा मादी अडकली. ती बरीच माणसाळलेली निघाली, ही गोष्ट वेगळी.

आपल्या जुन्नर, अकोले भागात हा संशयच नाही. उसात बिबट्याची मादी पिलं घालते, आणि तोडणीच्या वेळी ती कोयत्यापुढे येतात. तरीसुद्धा शेळी मेली की ‘वाघानं नेली’ म्हणण्याआधी जमीन पाहावी. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत. कुत्र्याच्या ठशात उमटतात. बिबट्या बहुधा नरडं धरतो, कुत्री मागून लचके तोडतात. भरपाईसाठी पंचनामा लागतोच, तेव्हा मेलेलं जनावर हलवू नये, वनखात्याला लगेच कळवावं, आणि चांगला ठसा दिसला तर वनरक्षक येईपर्यंत त्यावर एखादं घमेलं पालथं घालून ठेवावं.