साधेपणाची वहिवाट

यवतमाळ,
माघ शुद्ध दशमी

चि. ताईस,

तुझे पत्र पावले. पुण्याच्या धकाधकीस कंटाळून, गरजा कमी करून, हाताने घडविलेल्या वस्तूंत आणि परसातल्या भाजीत समाधान मानणारे आयुष्य कंठावे असा मानस तू कळविलास, आणि आपल्या जिल्ह्यातील कोलामांपासून त्या बाबतीत काय शिकता येईल ते सविस्तर लिहावे, अशी आज्ञावजा विनंतीही केलीस. मानस उत्तम आहे. परंतु ज्या साधेपणाचे तुला आकर्षण वाटते तो कशाच्या आधाराने उभा असतो, याची कैफियत तुझ्यापुढे मांडल्यावाचून उत्तर पुरे होणार नाही.

पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी या बाजूंस गेले म्हणजे मोठ्या गावापासून अंमळ दूर कोलामांचे पोड लागते. कुडाच्या भिंतींची घरे, सारवलेली अंगणे आणि साऱ्यांच्या बसण्याउठण्याची चावडी, एवढाच त्याचा पसारा. त्यांची भाषा द्राविडी कुळातली. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींची गणना शासन आदिम म्हणून करते, त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर हे कोलाम येतात. बांबूकाम हा त्यांचा जुना हुन्नर. फार कोवळा नाही आणि फार जूनही नाही असा बांबू पारखून घ्यावयाचा, कोयत्याने तो उभा चिरावयाचा, कामटीची हिरवी, चिवट पाठ आणि आतले नरम पोट निरनिराळे करावयाचे, आणि जेथे भार पडेल तेथे पाठ व जेथे नुसती जागा भरावयाची तेथे पोट योजावयाचे, ही सारी विद्या लेखी नियमावाचून एका पिढीच्या बोटांतून दुसरीच्या बोटांत उतरत आली आहे. धान्य पाखडण्याचे सूप, शेण काढण्याचे टोपले, ज्वारी साठविण्याची कणगी आणि कापूस वाहणाऱ्या बंडीचे तट्टे, असा शेतकऱ्याचा बहुतेक संसार पूर्वी या हातांनी पुरविला. आणि वस्तू झिजून निकामी झाली म्हणजे ती चुलीत जाई व तिची राख भांडी घासण्याच्या कामी येई.

अन्नाचाही प्रकार असाच. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी हा नित्याचा आहार. पावसाळ्यात तरोट्याचा कोवळा पाला, कटुले आणि बांबूचे वास्ते. उन्हाळा लागताच पहाटे झाडाखाली वेचावयाची मोहफुले आणि मागाहून टेंभरे व चारोळी. ऋतू बदलला की ताट बदलते, आणि त्यासाठी कोणास व्रत घ्यावे लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट ऐक. वर लिहिलेल्या पदार्थांपैकी व वस्तूंपैकी निम्म्याहून अधिक जंगलातून येतात, आणि जंगल इंग्रजी अमलापासून राखीव झालेले. ज्या गवतावर गावची गुरे पिढ्यानपिढ्या पोसली, ते गवत कापणे हा जेव्हा गुन्हा ठरला, तेव्हा मूळचे वणीचे आणि यवतमाळास वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे यांनी 10 जुलै 1930 रोजी पुसदच्या राखीव जंगलात शिरून तेच गवत कापले आणि तुरुंगवास पत्करला. मिठाचा सत्याग्रह समुद्रकाठचा; आमच्या वऱ्हाडाला समुद्र नाही, म्हणून येथे गवत कामी आले. बांबूची हकीकत याहूनही चमत्कारिक आहे. वस्तुतः तोही गवताच्याच कुळातला. परंतु 1927 च्या वन कायद्याने त्यास वृक्षांत जमा केले, आणि त्यामुळे सूप विणणाऱ्याने परवान्यावाचून एक काठी तोडली तरी तो झाड तोडणारा गुन्हेगार ठरू लागला. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज मानले. 2011 साली गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचे परवाने आले. आणि वनाबाहेर लावलेला बांबू वृक्षांच्या व्याख्येतून गळण्यास 2017 साल उजाडावे लागले. आता तूच सांग, कच्च्या मालावरच ज्याचा अधिकार नाही त्या कारागिराच्या साधेपणास गुण म्हणावे की नाइलाज?

शेतातही तोच न्याय. कापूस हे येथील काळ्या मातीचे फार जुने पीक खरे; परंतु अमेरिकेतील यादवीमुळे 1861 नंतर मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली, पुढे यवतमाळहून मूर्तिजापुरापर्यंत चिंचोळी रेल्वे आली, आणि शेताची नजर घरच्या कणगीवरून बाजाराच्या भावाकडे वळली. अलीकडे सोयाबीनही येऊन बसले. ज्वारी हटली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी गुरे विकली गेली, गुरांबरोबर शेणखत गेले, आणि खताची गोणी उधारीवर घरात आली. ज्वारी पुन्हा पेरावी म्हणणाऱ्यास रानडुकरे, रोही आणि पाखरे यांच्याशी झुंजावे लागते ते वेगळेच, कारण शिवारात एकट्यानेच पेरलेल्या ज्वारीवर साऱ्यांचा डोळा असतो. या चक्रातून बाहेर पडणारेही आहेत. आपल्या जिल्ह्यातील सुभाष शर्मा यांनी रासायनिक खते सोडून गोधन, पाणी, झाडे आणि मिश्र पिके यांच्या जोरावर शेती उभी केली, आणि 2025 साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या उदाहरणातही माझ्या लेखी मोलाची गोष्ट ही की, गुरे, माती आणि पाणी ही साधने प्रथम हाती राखली, तेव्हा खर्च आपोआप उतरला.

म्हणून माझे सांगणे इतकेच की, शहरात राहून तू गरजा कमी करशील तर ते तुझ्या हिताचे आहे, त्यात मोडता घालण्याचा माझा हेतू नाही. परंतु निवडीने स्वीकारलेला साधेपणा आणि वहिवाटीच्या हक्कावर चाललेला साधेपणा यांत महदंतर आहे. पहिल्यास मनाचा निग्रह पुरतो. दुसऱ्यास जंगल, गायरान, बियाणे आणि ग्रामसभेचा ठराव लागतो. प्रदर्शनात टोपली घेताना तिचा बांबू कोठून आला आणि विणणाराच्या हाती काय पडले, हे विचारण्याची सवय लाव. विकणारा गोंधळला तरी प्रश्न सोडू नकोस.

चैत्रात सवड काढून ये. आठवडी बाजाराच्या दिवशी पांढरकवड्यास जाऊ. तेथे सुपाचा भाव पाडण्याची हौस मात्र पुण्यासच ठेवून ये. तुझ्या काकूने अंबाडीची भाजी सुकवून ठेवली आहे, ती तुझ्या हाती देण्याचा तिचा हेका आहे. दादांस साष्टांग नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझा,
नानाकाका