सव्वीस माणसं, सात मुलं आणि बडोदं

घरात मोठं कार्य निघालं आणि पाहुणे चार दिवस राहणार असले, की ‘आलोच आहोत तर गाव बघून घेऊ’ असं कोणीतरी म्हणतंच. म्हणणारा बहुधा पुरुष असतो. मग गाडी ठरते, कोण कोण येणार याची मोजणी होते आणि मोजता मोजता तीन-चार बायका आपोआप गळतात. एकीचं मूल कडेवरचं, दुसरीकडे संध्याकाळचा स्वयंपाक आणि तिसरी खुद्द यजमानीणबाई. तिने तर गाव पाहिलेलंच असणार, असं सगळे धरून चालतात. तुमच्या घरी असं होत नसेल तर तुम्ही भाग्यवान! आमच्याकडे नाताळच्या सुट्टीत बडोद्याला हेच व्हायचं होतं, पण झालं नाही. ते कसं टळलं आणि लहान मुलांना घेऊन बडोदं कसं बघावं, या दोन्ही गोष्टी आज सांगते.

बडोदं हे माझ्या सासूबाईंचं माहेर. त्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे आमच्या मामांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. आम्ही नाशिकचे, बाकीचे पुण्या-इंदूरकडचे. मिळून सव्वीस माणसं जमली, त्यांत दहा वर्षांखालची सात मुलं. सर्वांत धाकटी तीन वर्षांची. कार्य पार पडलं त्या रात्री मी मामींना सहज विचारलं, “मामी, राजवाड्यात मुलांना आधी काय दाखवू?” मामी लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, “मला काय ग माहीत? मी कुठे आत गेलेय? दारावरून भाजीची पिशवी घेऊन हजारदा गेले असेन तेवढंच.”

मामी लग्न होऊन बडोद्याला आल्या त्याला बावन्न वर्षं झाली. माझे दीर म्हणाले, “मामी काय, इथेच राहतात. केव्हाही बघतील!” कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण हे ‘केव्हाही’ बावन्न वर्षं चाललं होतं, हे त्या क्षणी स्वयंपाकघरातल्या आम्हा सगळ्यांना कळलं. सासूबाईंनी मुलाच्या वहीतला कागद फाडला आणि पाळ्या लिहून काढल्या. रोज घरी तीन माणसं थांबायची, दोन बायका आणि एक पुरुष. दोन दिवस पाळी नाही ती फक्त मामींना. सकाळचं जेवण मसालेभात किंवा खिचडी-कढी, आणि रात्रीच्या पोळ्या बाहेरून. दिरांनी एका रात्री कढीला फोडणी दिली. जरा करपली, पण सगळ्यांनी खाल्ली.

आता मुलांचं. लहान मुलं बरोबर असली की एक नियम पाळावा : सकाळी एक जागा, संध्याकाळी एक जागा, मध्ये दोन तास घर. ‘पाच ठिकाणं उरकू’ म्हटलं की शेवटची तीन रडण्यातच जातात.

पहिल्या सकाळी आम्ही कमाटी बागेत गेलो. पाटीवर सयाजीबाग असं नाव असलं तरी गावाच्या तोंडी कमाटी बागच. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी ती लोकांसाठी केली. प्राणिसंग्रहालय आहे, भरपूर सावली आहे आणि बागेतच बडोद्याचं मोठं वस्तुसंग्रहालय आहे. त्याची इमारत १८९४ची. तिथला निळ्या देवमाशाचा सांगाडा मुलांना आधी दाखवा. त्याच्या शेजारून आमची सातही मुलं एका ओळीत चालली, तरी मासा संपेना! इजिप्तची ममी मात्र चार-पाच वर्षांच्या मुलांना दाखवायची की नाही ते आपलं मूल पाहून ठरवा. आमचा एकजण रात्री आईला बिलगून झोपला.

बागेजवळून विश्वामित्री नदी जाते आणि भर गावातल्या या नदीत मगरी आहेत. ऑगस्ट २०२४च्या पुरात त्या लोकांच्या वस्तीत शिरल्या होत्या. मुलांना मगर बघायची असतेच. ती पुलावरून, हात धरून दाखवावी. काठाशी उतरू नये.

पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगते. १८ जानेवारी २०२४ला याच शहरात हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. मी स्वतः अर्धवेळ शिकवते, मुलांच्या सहली नेते. तेव्हापासून माझा नियम एकच आहे : नाव कितीही सुंदर दिसो, अंगात जाकीट नाही तर पाय नावेत नाही. मुलं रुसली तर रुसू द्यावीत. रुसवा कुल्फीने जातो.

मोठ्या मुलांना बागेतली आणखी एक जागा आवर्जून दाखवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली परदेशी शिकायला बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली. शिकून ते १९१७ साली इथे नोकरीला आले, तेव्हा जातीपायी त्यांना राहायला कोणी घर देईना. याच बागेत झाडाखाली ते बसून राहिले. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, “एवढं शिकले होते तरी?” मी म्हटलं, “हो, तरी.” त्याने पुढे काही विचारलं नाही, पण देवमाशापेक्षा ही गोष्ट त्याच्या जास्त लक्षात राहिली आहे.

दुसऱ्या दिवशी राजवाडा. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० साली पुरा झाला. राजघराणं अजून तिथेच राहतं, काही भाग तिकीट काढून बघता येतो. सोमवारी बंद असतो, आणि एरवीही निघण्याआधी फोन करून वेळ विचारून घेतलेली बरी. मुलांना तिथे गोष्ट सांगत न्यावं, म्हणजे पाय दुखत नाहीत. आमच्याकडे गोष्ट तयारच होती. आपल्या नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचं खेडं आहे. तिथला गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. तेव्हा त्याचं वय बारा. “म्हणजे आपल्या तन्मयदादाएवढा?” इति आमची पाच वर्षांची. मग प्रत्येक दालनात ‘तो मुलगा इथे काय करत असेल’ हाच खेळ चालला.

मामी त्या दिवशी ठेवणीतली निळी साडी नेसून आल्या होत्या. दरबार हॉलच्या दारात त्या थांबल्या. खाली व्हेनिसच्या कारागिरीची मोझेकची जमीन, खिडक्यांना बेल्जमची रंगीत काच. बराच वेळ पाहून म्हणाल्या, “पुसायला किती जण लागत असतील ग?” आम्ही हसलो, पण तेवढ्यात त्या पुढे गेल्या होत्या. आवारातल्या फतेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. तिथल्या सरस्वतीसमोर त्या हलेनात. “ही तर आमच्या देवघरातली,” म्हणाल्या. रविवर्म्याने मुंबईला छापखाना काढला आणि त्याच्या देवादिकांच्या तसबिरी घरोघरी गेल्या. मामींच्या सासूबाईंनी आणलेली तसबीर त्यांनी बावन्न वर्षं रोज पुसली, आणि मूळ चित्र घरापासून दोन मैलांवर होतं!

बाकावर बसल्यावर त्या सासूबाईंबद्दल बोलू लागल्या. १९०६ साली सयाजीरावांनी संस्थानात मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलांना शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. “माझ्या सासूबाई म्हणायच्या, दंडाच्या भीतीने का होईना, वडिलांनी मला शाळेत घातली. रोज दुपारी वर्तमानपत्र वाचायच्या, मग मला वाचायला द्यायच्या.” मीही मग सांगितलं, की महाराणी चिमणाबाई १९२७ साली पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा होत्या, आणि त्या परिषदेचा विषयच मुळी शिक्षण होता. मामी म्हणाल्या, “बघ, आणि आम्ही इथे राहून नुसती भाजी नेली.” पण हे म्हणताना त्यांचा चेहरा दुःखी नव्हता. परत निघताना त्याच विचारत होत्या, “उद्या कुठे?”

उद्या मांडवीजवळच्या जुन्या गावात गेलो. मोठ्यांनी तांबेकर वाडा बघावा. मराठी दिवाणाचा लाकडी वाडा आणि आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या. जिने अरुंद आहेत, म्हणून तीन वर्षांच्या मुलीला घेऊन दीर खाली थांबले. मग सर्वांना सेव-उसळ. तिखट असते, लहानांसाठी रस्सा वेगळा मागावा आणि पावावर भागवावं. परतीच्या प्रवासाला भाखरवडी आणि लिलो चिवडो घेतला. आठवडाभर टिकतो म्हणतात, आमच्याकडे दोन दिवसही टिकला नाही.

बरोबर काय न्यावं ते थोडक्यात : उकळून गार केलेलं पाणी, दशम्या, गूळ-शेंगदाणे, ओला रुमाल, प्रत्येक मुलाचा एक जादा कपडा. प्रत्येक मुलाच्या खिशात वडिलांचा आणि आईचा असे दोन्ही फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. आणि एकेका मुलाची जबाबदारी एकेका मोठ्या माणसावर नावानिशी सोपवावी. ‘सगळे बघताहेत’ म्हणजे कोणीच बघत नाही.

आणि एक शेवटचं. पुढच्या वेळी तुमच्याकडे माणसं जमली की गाडीत किती जण मावतात ते मोजण्याआधी कागद घ्या. ज्या बाईने ते गाव सर्वांत कमी पाहिलं असेल तिचं नाव सर्वांत वर लिहा. ती कदाचित त्याच गावात राहणारी असेल. तिला आधी विचारा, तुम्हाला काय बघायचंय? उत्तराला थोडा वेळ लागेल. थांबा.