रमाईच्या लुगड्याचा रंग

पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली, की बायका थोडा वेळ बोलत बसतात. परवा तिथे एका नव्या सुनेने मला विचारले, "ताई, तुम्ही घरबसल्या फोटो रंगवता, विकता. घर सांभाळून चार पैसे मिळतात. मलापण शिकवा की." मी लगेच हो म्हणाले. पण घरी येता येता वाटले, 'घर सांभाळून' हे शब्द तिने जितक्या सहज उच्चारले तितके ते सहज नाहीत. तिला शिकवायचेच तर ब्रश हातात देण्याआधी हे सांगितले पाहिजे. तिच्यासारख्या आणखीही भगिनी असतील, म्हणून लिहिते आहे.

माझे माहेर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या काठाला. १९८० साली धरण पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी गावागावांत शिरले. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ अजून वर दिसते. आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, उसाच्या ट्रॉलीवरची नावे, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, हॉटेलांचे दरफलक, सगळे हाताने लिहायचे. १४ एप्रिल जवळ आला की आमच्या अंगणात कापडी फलक वाळत असत. खडू लावलेली दोरी ताणून रेघ मारायची, त्या रेघेवर अक्षर बसवायचे आणि अक्षराला एका अंगाने सावली द्यायची. सावली दिली की अक्षर पाटीवरून उठून दिसते. दोरीचे दुसरे टोक धरायला मी असे. रंगाचे पहिले धडे तिथेच मिळाले.

पुढे फ्लेक्स आला. जे काम करायला दादांना दोन दिवस लागत ते मशीन तासाभरात करू लागले. दादांचे ब्रश पत्र्याच्या डब्यात गेले. शेवटची काही वर्षे त्यांनी बारामतीच्या एमआयडीसीत वॉचमनची नोकरी केली. ते गेल्यावर भावाने घरातले सामान वाटले. मी तो डबा मागितला तेव्हा तो हसला. "त्याचं काय करणार?" म्हणाला. मलाही माहीत नव्हते.

ते २०२० साली कळले. लॉकडाऊनमध्ये आमच्या मालकांचे कंत्राटी काम बंद पडले. दोन महिने पगार नाही. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांच्या खोलीत बाबासाहेबांचा एक छापील फोटो होता, सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी ६ डिसेंबरला दादरहून आणलेला. ओलीने त्याची एक बाजू कुजली होती. हाताला काम नव्हते, म्हणून मी डबा उघडला आणि तो फोटो चौकटी आखून हार्डबोर्डवर नव्याने काढला. रंग मुद्दाम जुन्यासारखेच ठेवले, मंद तपकिरी, गालावर किंचित गुलाबी. खाली दादांच्या पद्धतीने सावलीचे अक्षर लिहिले. आत्याबाई बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "ह्यो आपलाच फोटू हाय. बरा झालाय आजारातून."

शेजारणींनी बघितला, त्यांनीही मागितला. असा धंदा सुरू झाला.

आता सगळीकडे चकचकीत फोटो मिळतात. मग लोकांना हे जुन्या वळणाचे का हवे असतात? मला वाटते, त्या रंगात त्यांना आजोबांचे घर दिसते. रंगीत फिल्म येण्याआधी स्टुडिओवाले काळ्या-पांढऱ्या फोटोवर हाताने पातळ रंग चढवत. रविवर्मा प्रेसची देवादिकांची चित्रे आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याजवळच्या मळवलीला छापली जात आणि घरोघरी लागत. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आपल्या लोकांच्या भिंतीवरून ती चित्रे उतरली. त्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब आले. फूटपाथवर दोन-चार आण्यांना घेतलेले, पत्र्याच्या पेटीत घडी घालून आणलेले ते फोटो हाच आपल्या घरांचा पहिला अलंकार होता. म्हणून मी तेच वळण धरले. 'मूकनायक' १९२०चे, 'बहिष्कृत भारत' १९२७चे, 'जनता' १९३०चे. त्या काळच्या छापील अक्षरांचा बाज बघून मी खालच्या ओळी लिहिते.

सगळ्यात जास्त मागणी सुटातल्या एकट्या बाबासाहेबांना असते. माझे आवडते चित्र दुसरे आहे. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेला कुटुंबाचा फोटो तुम्ही पाहिला असेल. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, मोठ्या भावाच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंदराव आणि टॉबी नावाचा कुत्रा. एवढा मोठा माणूस घरच्या माणसांत बसला आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या.

हे चित्र पहिल्यांदा रंगवायला घेतले तेव्हा अडले ते रमाईच्या लुगड्यापाशी. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग कळत नाही. पांढरे करावे की निळे? आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या आईकडं एकच धड लुगडं होतं, जांभळं. सणावाराला नेसायची. रमाईला त्योच रंग दे." मी जांभळा दिला. तेव्हापासून माझ्या चित्रात रमाईचे लुगडे जांभळेच असते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. २०२२ सालच्या नोव्हेंबरात माझ्याकडे ६ डिसेंबरसाठी पंचवीस चित्रांचे काम होते. त्यातल्या अकरा जणांनी आगाऊ पैसे दिले होते. बाकीची दादरला नेऊन विकायची. आमचे घर दीड खोलीचे. तेव्हा मी ऑइल पेंटमध्ये काम करायची आणि रंग पातळ करायला टर्पेंटाइन वापरायची. दिवसा धुणीभांडी, डबे, मुलांची शाळा, म्हणून काम रात्री. थंडी होती. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागात काजळी उडते. म्हणून दार-खिडकी लावून घ्यायची. पोरे त्याच खोलीत झोपलेली. धाकटा तेव्हा सात वर्षांचा. त्याला आठ दिवस खोकला होता. मी अडुळशाचा काढा देत होते आणि चित्राचा कोपरा संपवत होते.

एके रात्री दोन वाजता तो उठून बसला. त्याला श्वास घेता येईना. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. मालकांनी त्याला उचलले, शेजाऱ्यांची गाडी घेतली, दवाखान्यात नेले. वाफेचे औषध दिल्यावर पहाटे त्याला झोप लागली. डॉक्टरांनी विचारले, "घरात कसला वास असतो का? रंग, धूर?" मी मान खाली घातली. त्यांनी बाळदमा सांगितला. "दमा तुमच्या रंगानेच झाला असे मी म्हणणार नाही," ते म्हणाले, "पण अशा मुलाजवळ हा वास नको म्हणजे नकोच."

घरी आल्यावर आत्याबाईंनी एकच वाक्य उच्चारले, "बाबासाहेबांच्या फोटूपायी लेकराला धाप लागली, हे बाबासाहेबांना गोड वाटलं असतं व्हय गं?"

चुलीशेजारी अर्धे चित्र टेकून ठेवलेले होते. रमाईचा चेहरा झाला होता, लुगडे व्हायचे होते. रमाईची चार लेकरे लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ साली. कितीदा वाचले होते, जयंतीला भाषणात ऐकले होते. त्या सकाळी त्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवले.

त्या वर्षी मी दादरला गेले नाही. अकरा जणांचे पैसे परत केले. त्यातले तीन जण रागावले. एक बाई तर म्हणाल्या, "जमत नव्हतं तर घेतलं कशाला?" त्यांचे चूक नव्हते. मालकांनी त्यासाठी मित्राकडून उसने आणले.

मग आम्ही घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवले. मला वाटत होते, बंदच करावे. पण मालक म्हणाले, "काम वाईट नाही, जागा वाईट आहे." टर्पेंटाइन घरातून कायमचे गेले. आता मी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग वापरते. वॉर्निशही नको, म्हणून वर काच बसवते. मागच्या बाजूला चार पत्रे टाकून आडोसा केला. काम दहा ते चार, मुले शाळेत असतात तेव्हाच. रात्री ब्रश हातात घ्यायचा नाही, मागणी कितीही असो. फ्रेमच्या पट्ट्या मालक सुट्टीच्या दिवशी कापतात. मुलगी नववीत होती, तिलाही रंगवायचे असे. तिला तिचा कागद दिला, पण ऑर्डरचे काम मुलांनी करायचे नाही हा नियम. आधी अभ्यास. आमच्या दादांना मदत करता करता माझी दहावी राहिली होती.

हिशेब शिकवला तो आत्याबाईंनी. आधी मी एक चित्र तीनशे रुपयांना देत होते. सामानाला दोनशे दहा लागत. नव्वद सुटले की खूश. आत्याबाईंचा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेला. त्यांनी विचारले, "किती येळ लागतो?" म्हटले, आठ तास. "म्हंजे दीसभराची हजेरी नव्वद रुपये? एवढ्यावर तर मी कुणाच्या बांधाला गेले नसते." आता तेच चित्र सातशेला देते. काही जण निघून जातात. पण महिन्याला कमी चित्रे करून आधीइतकेच मिळते आणि संध्याकाळ घराची राहते.

एक परीक्षा अजून बाकी होती. १ जानेवारी २०२३ला शिल्लक चित्रे घेऊन आम्ही कोरेगाव भीमाला गेलो. तिथे शहरातल्या जुन्या वस्तू विकणारे एक गृहस्थ आले. त्यांनी वीस चित्रे मागितली, तिप्पट भावाने. अट एवढीच, की मागे तारीख लिहायची नाही आणि चहाचे पाणी, धूर देऊन चित्र खरोखर जुने दिसले पाहिजे. म्हणजे ते 'त्या काळातले' म्हणून विकता येईल. मुलाच्या पंपाचा खर्च चालू होता, उसने पैसे द्यायचे होते. मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "आपण थोडंच खोटं बोलतोय? ते बोलतील."

मी बराच वेळ गप्प राहिले. मग नाही म्हणाले. जुन्या वळणाचे करणे वेगळे आणि जुने म्हणून फसवणे वेगळे. उद्या एखादा पोरगा ते चित्र आपल्या चळवळीचा पुरावा म्हणून सांभाळेल आणि तो पुरावा खोटा निघेल. आपल्या लोकांकडे खरे जुने कागद आधीच थोडे उरलेत. त्यांत खोट्याची भर आपल्याच हाताने कशी घालायची?

मालक दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी फ्रेम बंद करत होते तेव्हा त्यांनी पेन घेतला आणि चित्राच्या पाठीवर स्वतःच लिहिले: 'मूळ फोटो काळा-पांढरा, १९३४. रंग आमच्या मनाने. रंगविले बारामती, २०२३.' तेव्हापासून पाठीमागची ओळ त्यांच्याच अक्षरात असते. उसने फेडायला आम्हाला ऑगस्ट उजाडला.

धाकटा आता बरा आहे. थंडीत त्रास होतो, पंप जवळ ठेवावा लागतो. दरवर्षी नोव्हेंबर आला की रात्री मी एकदा उठून त्याचा श्वास ऐकते. ते आता जन्माचे झाले. भिंतीकडे तोंड करून ठेवलेले ते अर्धे चित्र मी पुढे पूर्ण केले, पण विकले नाही. ते आत्याबाईंच्या खोलीत, बऱ्या झालेल्या फोटोशेजारी आहे.

त्या नव्या सुनेला मी रविवारी बोलावले आहे. ब्रश कसा धरायचा, चौकटी कशा आखायच्या, सावली कशी द्यायची, सगळे दाखवीन. पण आधी तिला विचारणार आहे: घरात खिडक्या किती, लेकरे कुठे झोपतात आणि दिवसातले कोणते तास तुझे स्वतःचे? तिची सासू आणि नवरा सोबत आले तर फारच बरे. हे काम एकटीने शिकता येते, पण एकटीने निभत नाही.

सर्वांना जयभीम.